उसाच्या पानावरची डंबेल: नववीच्या वर्गातलं एक प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेतलं आहे. नववीचा वर्ग, पट साठच्या घरात. प्रयोगशाळेत चालू स्थितीतले सूक्ष्मदर्शक दोनच, तेही आरशाचे, म्हणजे खिडकीतून उजेड येईल तेवढंच दिसणार. आठवड्यातून एकदा जोड तासिका. निम्मी मुलं शहरातल्या पेठांमधली, निम्मी पंचगंगेकाठच्या गावांतून एसटीने नाहीतर सायकलवरून येणारी. गावाकडच्या या मुलांच्या घरी ऊस असतोच.

मी इथे विज्ञान शिकवते. बी.एड. करण्याआधीची काही वर्षं शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात गवतांवर काम करण्यात गेली. गवत ओळखणं जिकिरीचं असतं. फुलं इतकी बारीक की भिंगाशिवाय काही कळत नाही, आणि फुलोराच नसेल तर हातात फक्त पान उरतं. मग पानाची अपित्वचा, म्हणजे वरचं पातळ आवरण, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि पर्णरंध्रांची, म्हणजे पाण्याची वाफ बाहेर सोडणाऱ्या बारीक छिद्रांची मांडणी, सिलिकाच्या कणांचे आकार, केसांचे प्रकार एकेक करत नोंदवत जायचं. जोग धबधब्याच्या परिसरातून एकेकाळी गोळा केलेलं आणि पुढे नामशेष झालं असं समजलं गेलेलं हबार्डिया नावाचं गवत तिलारीच्या परिसरात पुन्हा सापडलं, ते शोधणारी मंडळी याच विभागातली. अशा ठिकाणी राहिलं की एक सवय अंगात मुरते: दिसलं ते आधी लिहायचं, ते कशाशी जुळतं हे मागाहून बघायचं.

शाळेत नेमकी उलटी सवय लागते, आणि तिला कारण आहे. दहावीला विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन पेपर आणि 20 गुणांचं प्रात्यक्षिक. त्या 20 गुणांची तयारी नववीपासून सुरू होते. जर्नल पूर्ण हवं, आकृती पुस्तकाबरहुकूम हवी, नावांच्या रेघा पट्टीने मारलेल्या हव्यात. या सगळ्यात सूक्ष्मदर्शकात डोकावणं हाच सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग होऊन बसतो. काय दिसणार ते आधीच छापलेलं आहे, मग बघायचं कशाला?

खोडलेली आकृती

बाष्पोच्छ्वास शिकवून झाला होता आणि पर्णरंध्रांचं प्रात्यक्षिक होतं. मुलांना घराजवळचं कुठलंही एक पान आणायला सांगितलं होतं. पद्धत सोपी: पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की त्यावर चिकटपट्टी दाबून अलगद सोलायची आणि ती काचपट्टीवर लावायची. पानाच्या पृष्ठभागाचा ठसा पट्टीवर उतरतो. ऑगस्टचे दिवस होते. ओल्या पानावर नेलपॉलिश लावलं की ते दुधासारखं पांढरं पडतं, म्हणून आधी पानं कापसाने पुसून पंख्याखाली ठेवायची. कण्हेरीचं पान आणणाऱ्यांना काहीच दिसत नाही, कारण तिची पर्णरंध्रं खालच्या बाजूच्या केसाळ खळग्यांत दडलेली असतात. तगर, जास्वंद, करंज यांचे ठसे चांगले येतात.

एका मुलाने उसाचं पान आणलं होतं. तो सूक्ष्मदर्शकापाशी बराच वेळ अडून राहिला, मागे रांग कुरकुरायला लागली.

"बाई, ह्ये पुस्तकातल्यागत न्हाई. पट्टी बिघडली वाटतं."

"काय दिसतंय तेवढं सांग."

"डंबेल हायत, डंबेल. तालमीत असत्यात तशी. एका ओळीत लावून ठेवल्यागत."

त्याने अचूक पाहिलं होतं. पर्णरंध्राची फट उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या दोन पेशी म्हणजे रक्षक पेशी. तगरीच्या किंवा जास्वंदीच्या पानावर त्या घेवड्याच्या बीसारख्या वाकलेल्या असतात, आणि पर्णरंध्रं विखुरलेली असतात. गवताच्या कुळात रक्षक पेशी लांबट, दोन्ही टोकांना फुगीर आणि मध्ये दांड्यासारख्या असतात. त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक सहायक पेशी असते आणि पर्णरंध्रं शिरांना समांतर ओळींत बसलेली असतात. टोकं थोडी फुगली तरी मधले दोन दांडे एकमेकांपासून दूर सरकतात आणि फट उघडते. सहायक पेशींशी क्षारांची देवाणघेवाण चालत असल्याने गवतांची पर्णरंध्रं पटकन उघडतात आणि पटकन मिटतात.

तासाच्या शेवटी मी त्याचं जर्नल पाहिलं. पानावर आधी काहीतरी काढून खोडलेलं होतं. खोडरबराखालून लांबट आकार अजून दिसत होते. त्यांच्यावर, नीट, पेन्सिल दाबून, घेवड्याच्या बीच्या आकाराच्या दोन रक्षक पेशी आणि खाली शीर्षक: उसाच्या पानातील पर्णरंध्र.

मी विचारल्यावर तो म्हणाला, "पेपरात तसलं काढलं तर मार्क कापत्यात की ओ."

त्याला दोष देण्यासारखं यात काही नव्हतं. त्याने पाहिलं होतं, त्याला शब्द सुचला होता, त्याने ते कागदावरही उतरवलं होतं. आणि मग आजवर शाळेने शिकवलेल्या शहाणपणाने त्याने ते पुसलं.

उत्तर सांगून टाकायचं की थांबायचं

इथे शिक्षकापुढे दोन वाटा असतात. गवतांच्या रक्षक पेशी अशाच असतात हे सांगून टाकलं की दोन मिनिटांत विषय संपतो. उत्तर बरोबर असतं, वेळ वाचतो आणि मुलगा पुस्तकाऐवजी बाईंवर विश्वास ठेवायला शिकतो. म्हणून मी दुसरी वाट धरली. पुढच्या जोड तासिकेला एका सूक्ष्मदर्शकाखाली तगर, दुसऱ्याखाली ऊस. पुस्तकं दप्तरात. दिसेल ते कोऱ्या कागदावर काढायचं, नाव द्यायचं नाही. साठ कागद फळ्याखाली मांडल्यावर दोन गट इतके उघड होते की मला बोलावंच लागलं नाही.

मग प्रश्न त्यांच्याकडूनच आला: उसासारखं आणखी कुणाचं असेल? दुसऱ्या दिवशी टेबलावर दूर्वा, मका, ज्वारी, गवती चहा, बांबू असं सगळं येऊन पडलं. सगळीकडे डंबेल. एका मुलीने नियम मांडला, समांतर शिरा असतील तर डंबेल. नियम चांगला होता, त्यामुळे तो मोडून बघायला मजा आली. केळीचं पान आलं, हळदीचं आलं. शिरा समांतर, पण रक्षक पेशी घेवड्याच्या बीसारख्याच. नियम बदलला: गवत असेल तर डंबेल. ऊस हे गवत आहे, या गोष्टीवर त्या दिवशी वर्गात चांगलाच वाद झाला. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ऊस आहे त्यांना ते पटायला सगळ्यात जड गेलं.

आणि मग कुणीतरी उसातल्या सरीतून लव्हाळा उपटून आणला. त्यातही डंबेल निघाली. लव्हाळा दिसायला गवतासारखा असला तरी त्याचं कूळ वेगळं. त्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात, गवताचा दांडा गोल लागतो. म्हणजे दुसरा नियमही अपुरा पडला. त्यावर मी एवढंच सांगितलं की या दोन कुळांमध्ये असं आढळतं, आणि फळ्यावरचा नियम पुसू दिला नाही. त्याच्यापुढे लव्हाळ्याची दुरुस्ती लिहिली. संशोधनाच्या वहीत जुनं वाक्य रेघ मारून तसंच ठेवतात, ते खरवडून काढत नाहीत. माझ्या मते विद्यापीठातून शाळेत आणायची गोष्ट ही आहे. उपकरणं, रसायनं, मोठी नावं यांतलं जवळजवळ काहीच शाळेत टिकत नाही.

86032 की 265

खरं काम सुरू झालं ते एका साध्या प्रश्नाने. वर्गातल्या एका मुलाच्या मामाचं शेत शिरोळ तालुक्यात आहे, जमीन क्षारपड, म्हणजे क्षार साचून बिघडलेली. तिथे 265 हा उसाचा वाण लावतात, कारण क्षारपड रानातही तो तग धरतो, आणि ते खरं आहे. गावाकडे मात्र बहुतेकांच्या रानात 86032. मुलाने विचारलं, 265 च्या पानावर पर्णरंध्रं कमी असतील का? पाणी कमी उडत असेल म्हणून तो तगत असेल का?

या दोन आकड्यांमागेही संशोधनच आहे. को 86032 मधला "को" म्हणजे कोइमतूर, जिथे 1912 साली ऊस पैदास संस्था सुरू झाली. 265 म्हणजे फुले 265, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून आलेला वाण. रोज घरात ऐकलेले आकडे कुणीतरी रोपं मोजून, तोलून, नाकारून ठरवलेले आहेत, हे मुलांना नवीन होतं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, आणि मी ते तसंच वर्गाला सांगितलं. मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी क्षण तो होता. प्रात्यक्षिकाचं उत्तर बाईंच्या खणात ठेवलेलं आहे, ही मुलांची पक्की समजूत असते. ते नाही म्हटल्यावर वर्गाचा सूर बदलतो.

पानं कुठून आणायची यावर मुलांनी मला शिकवलं. मी म्हटलं, एका मुलाच्या शेतातून 86032 आणू, दुसऱ्याच्या शेतातून 265. लगेच हरकत आली, "त्यांचा खोडवा हाय, आमची लागण हाय. खोडव्याचं पान लागणीच्या पानाशी कसं तोलायचं?" खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक, लागण म्हणजे नव्याने लावलेलं. मग एकाने सांगितलं की त्यांच्या बांधाच्या अलीकडे 86032 आणि पलीकडे चुलत्याचा 265, दोन्ही सुरू हंगामातली लागण, माती एकच. रान उंचावर, पुराचं पाणी तिथवर चढत नाही. खालच्या रानातली पानं घेतली असती तर गाळामुळे ठसाच आला नसता. तुलना करताना एक सोडून बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे विद्यापीठात आम्ही इंग्रजी संज्ञांतून शिकलो. या मुलाने ते खोडव्यावरून शिकवलं.

माझ्याकडून गेल्या त्या दोन-तीन गोष्टी. पहिली, पान कितवं घ्यायचं. उसाच्या अभ्यासात वरून मोजत पहिलं पूर्ण उमललेलं पान घेतात, म्हणजे ज्याचं पातं आणि खोडाला धरणारा भाग यांमधला सांधा स्पष्ट दिसतो ते, आणि त्याच्या पात्याचा मधला भाग वापरतात. कोवळं आणि जून पान एकत्र केलं की सगळा घोळ. दुसरी, दहा पानं दहा वेगळ्या बेटांमधली. तिसरी, काचपट्ट्यांवर वाणाचं नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कुठल्या वाणाचा हे एका वहीत, आणि ती वही शाळेच्या शिपाईमामांकडे. मोजणाऱ्याला वाण माहीत असेल तर हात आपल्या मताकडे झुकतो, हे सांगितल्यावर मुलांना ते अपमानास्पद वाटलं. पण "माझंही तसंच होतं" म्हटल्यावर त्यांनी मान्य केलं.

उसाचं पान कापलं की थोड्या वेळात गुंडाळायला लागतं, म्हणून पानं ओल्या फडक्यात आणली. हातांवर पात्याच्या धारेचे ओरखडे घेऊन मुलं वर्गात आली.

मोजणी

दर चौरस मिलिमीटरला किती पर्णरंध्रं हे काढायला दृष्टिक्षेत्र केवढं ते माहीत हवं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला मायक्रोमीटर, म्हणजे भिंगाखाली मापं घ्यायची बारीक पट्टी, नाही. आम्ही पारदर्शक पट्टी दहा पटीच्या वस्तुभिंगाखाली ठेवली. मिलिमीटरच्या दोन घरांना किंचित कमी इतकं दिसत होतं, म्हणजे व्यास साधारण 1.8 मिलिमीटर. पंचेचाळीस पटीच्या भिंगाखाली तो त्याच प्रमाणात घटतो: 1.8 गुणिले 10 भागिले 45, म्हणजे 0.4. वर्तुळाचं क्षेत्रफळ आलं 0.126 चौरस मिलिमीटर. म्हणजे मोजलेल्या आकड्याला आठने गुणलं की झालं. गणिताच्या सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी आपल्या तासाला पुन्हा करून घेतलं.

पहिल्याच पट्टीवर भांडण झालं. एकाच दृष्टिक्षेत्रात एकाने चौदा मोजली, दुसरीने एकोणीस. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. कडेवर अर्धवट दिसणाऱ्यांचं काय करायचं, हे ठरलंच नव्हतं. मग नियम केला: उजव्या अर्ध्या कडेला शिवणारी मोजायची, डाव्या कडेची सोडायची. काचपट्टी न बघता सरकवायची, नाहीतर जिथे गर्दी छान दिसते तिथेच हात थांबतो. प्रत्येक पट्टी दोघांनी मोजायची, एकमेकांचा आकडा न बघता. हे नियम मी आधीच फळ्यावर लिहून दिले असते तर मुलांनी ते पाळले असते आणि विसरले असते. भांडणातून आलेला नियम मात्र त्यांनी पुढे महिनाभर एकमेकांवर लादला.

एका पानावर पाच ठिकाणी मोजायचं ठरलं होतं. तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला: "पाच ठिकाणी मोजलं म्हणून पाच पानं झाली का?" नाही झाली. पाच जागांची सरासरी म्हणजे एका पानाचा एक आकडा. वाणांची तुलना दहा आकड्यांची दहा आकड्यांशी. या प्रश्नावर एम.एस्सी.च्या वर्गातही गोंधळ होतो, हे मी त्या मुलीला सांगितलं, कारण तिला ते कळायला हवं होतं.

चिठ्ठ्यांचा डबा

आकडे आले, शिपाईमामांकडून वही परत आली, आलेख कागदावर प्रत्येक पानाचा एक ठिपका मांडला. 265 ची सरासरी थोडी कमी होती. वर्गात टाळ्या. मामाच्या रानाचं कोडं सुटलं असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पण ठिपके एकमेकांत मिसळलेले होते. 86032 ची काही पानं 265 च्या बहुतेक पानांच्या खाली होती.

नववीच्या मुलांना संख्याशास्त्रीय चाचणी शिकवायची गरज नसते, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यांना विचारता येतो. वीस पानांचे वीस आकडे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकले, हलवले, न बघता दहा एका बाजूला आणि दहा दुसऱ्या बाजूला काढले. दोन्ही ढिगांच्या सरासरीतला फरक फळ्यावर. पुन्हा हलवायचं, पुन्हा काढायचं. प्रत्येक बाकाने आपापल्या डब्यातून हे केलं आणि फळा फरकांनी भरून गेला. इथे वाणाचा काहीच संबंध नव्हता, निव्वळ नशीब. आणि नशिबानेही आमच्या फरकाएवढा, कधी त्याहून मोठा फरक सहज पडत होता.

वर्ग गप्प झाला आणि मग चिडला. निष्कर्षाच्या कागदावर काय लिहायचं यावर बराच खल झाला. "फरक नाही" असं लिहायला काही मुलं तयार होती. दुसऱ्यांचं म्हणणं, तेही आपल्याला माहीत नाही, फरक आपल्याला दिसला नाही एवढंच. शेवटी कागदावर आलं: "आमच्या वीस पानांवरून या दोन वाणांच्या पर्णरंध्रांच्या संख्येत फरक आहे असं म्हणता येत नाही." चौदा वर्षांच्या मुलांनी हे वाक्य स्वतः झगडून लिहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

त्याच मोजणीत एक गोष्ट मात्र शंभर टक्के ठळक निघाली. वीसच्या वीस पानांवर वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला पर्णरंध्रं जास्त होती. तिथे चिठ्ठ्यांची गरजच पडली नाही. दोन निकाल शेजारी शेजारी राहिल्याने, कुठला आकडा स्वतःच्या पायावर उभा आहे आणि कुठला नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसलं.

ज्यांच्या रानातून पानं आणली ते वडील पालकसभेला आले होते. त्यांनी विचारलं, "मग एवढं करून कळलं काय? कुठला लावायचा?" मुलानेच उत्तर दिलं की वाण चांगला का वाईट हे आम्ही बघितलंच नाही, आम्ही फक्त एक कारण तपासलं आणि ते आम्हाला धरता आलं नाही. क्षार सोसण्याची कारणं मुळांत असतील, पेशींत असतील. वडिलांनी ऐकून घेतलं. त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

किंमत काय पडली

सप्टेंबरच्या जोड तासिका यात गेल्या. मुख्याध्यापकांनी एकच अट घातली होती, सत्र परीक्षेपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण झाला पाहिजे, आणि ती रास्त होती. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा मोठा भाग या पानांच्या ढिगावरच शिकवून झाला, सांख्यिकीतली सरासरी गणिताच्या तासात गेली, बाकीची भरपाई मला काही शनिवारी करावी लागली. हे दरवर्षी प्रत्येक धड्याला जमणार नाही. वर्षातून एक विषय असा घ्यावा आणि बाकीचं नेहमीच्या वेगाने शिकवावं, असं माझं मत झालं आहे. साठही मुलं यात सारखी गुंतली नाहीत. दहा-बारा जणांनी मोजणी ओढली, काहींनी फक्त चिठ्ठ्या काढल्या. शहरातली काही मुलं पहिले दोन आठवडे उसाच्या बोलण्यात बाजूलाच राहिली. रंकाळ्यातलं केंदाळ आणून त्याच्या दोन्ही बाजू मोजायचं काम त्यांना दिल्यावर ती रुळली.

परीक्षेचा प्रश्न होताच. जर्नलमध्ये मी एक बदल केला: आकृतीच्या आधी अर्धं पान कोरं, शीर्षक "मला दिसलं ते". त्याला माझ्याकडचे गुण आहेत आणि तिथे खोडरबर चालत नाही. पुस्तकाबरहुकूम आकृती त्यानंतर, तिचे गुण वेगळे. बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला मुलं दुसरी आकृती काढतील. काढू देत. दोन्हींमधला फरक त्यांना माहीत आहे. शेजारच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते यामुळे कच्ची मुलं गोंधळतात. आमच्या वर्गातली दोन मुलं सहामाहीत खरोखर गोंधळली आणि त्यांनी तगरीच्या पानाला डंबेल काढली. त्यांच्यासाठी मी तगर आणि ऊस पुन्हा लावले.

विद्यापीठाशी संबंध ठेवायचा तर तो मुलांच्या कामाभोवती ठेवावा, असं मला वाटतं. वर्गाला तिथलं वनस्पती उद्यान दाखवून आणणं चांगलंच आहे, कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती मुलांनी बघायलाच हव्यात. पण त्याहून जास्त उपयोग झाला तो माझ्या जुन्या विभागातल्या एका संशोधक विद्यार्थिनीचा. ती एका शनिवारी येऊन मुलांच्या काही पट्ट्या स्वतः मोजून गेली. तिचे आकडे मुलांच्या आकड्यांपेक्षा सातत्याने थोडे जास्त आले. मुलं नाराज झाली, आणि मग त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला की कडेवरची ती कशी मोजते.

पुढच्या तुकडीसाठी वही तयार आहे. त्यात या मुलांनी आपला नियम, आपले आकडे आणि तीन सूचना लिहून ठेवल्या आहेत. दहा पानं पुरत नाहीत, तीस घ्या. दोन वाण तोलण्यापेक्षा 265 हाच वाण घ्या, एक रान चांगलं आणि एक क्षारपड, पण दोन्ही पूर्वहंगामी लागण असू द्या. तिसरी सूचना मामाच्या रानाची वाट सांगणारी आहे: जयसिंगपूरपर्यंत एसटी, तिथून पुढे मामा मोटारसायकल घेऊन येतील, एका वेळी दोघंच बसतात.